पाण्याची हद्द

माझं काम जमीन मोजण्याचं. नोकरीची बहुतेक वर्षं अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांतली शेतं मोजण्यात गेली. आधी साखळीने, मग टेपने, आता यंत्राने. साधनं बदलली, पण कामाचा पहिला नियम बदलला नाही: मोजायला सुरुवात करायची ती हलत नाही अशा खुणेपासून. हद्दीचा दगड, विहीर, रस्त्याचा कोपरा. खूण पक्की असेल तर मोजणी पक्की. पुढे माझी जी फजिती झाली ती याच सवयीतून झाली, म्हणून हे आधी सांगून टाकतो.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात बायको गच्चीवरून कुरड्यांची पाटी घेऊन उतरत होती. शेवटच्या पायरीवर तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. पाटी मात्र तिने सोडली नाही. अजूनही कोणी भेटायला आलं की ती आधी हेच सांगते, "एक कुरडी फुटली नाही." गल्लीतल्या चौघांनी तिला सतरंजीवर घालून उचललं आणि ऑटोत ठेवलं. ऑपरेशन झालं, काही महिन्यांनी दुसरं करावं लागलं, आणि मग घरात वॉकर आला. ती वॉकर घेऊन स्वयंपाकघरात जायची, फाटकापर्यंत जायची, शेजारच्या दारापर्यंत जायची. त्यापुढे नाही.

आमचा मुलगा अमरावतीला असतो. त्याने दिवाळीत आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून तळकोकणातल्या समुद्रकाठच्या एका रिसॉर्टमध्ये खोली ठरवली, होळीनंतरची. तोपर्यंत आई चालायला लागेल असा त्याचा हिशेब होता. होळी जवळ आली तेव्हा तो फोनवर म्हणाला, "आई, रद्द करू का?"

"काहून?" ती म्हणाली. "हे जातीन. एकले."

मी एकटा कुठे कधी फिरायला गेलो नव्हतो. कामाला गेलो, लग्नाला गेलो, मयतीला गेलो. फोन ठेवल्यावर मी तिला विचारलं, मी एकटा जाऊन काय करू?

"साऱ्या तालुक्याचे वावरं मोजले तुमी," ती म्हणाली. "आता एक मोजणी माह्यासाठी करा. खोलीपासून पान्यापर्यंत मले जाता येते का, तेवढं पाहून या."

तिने समुद्र कधीच पाहिला नव्हता. तिचं माहेर बार्शीटाकळीकडचं, सासर अकोल्याचं. नावेत बसायचं नाही, डॉल्फिन बघायचे नाहीत. आपल्या पायांनी जाऊन समुद्राच्या पाण्यात उभं राहायचं, एवढीच तिची इच्छा, आणि ती लग्न झाल्यापासूनची. त्यावर एक अट होती. मुलगा एकदा म्हणाला होता की आपण तुला खुर्चीसकट उचलून नेऊ. तिने तिथेच त्याला थांबवलं.

"चौघायनं उचलाचं ते एकदाच. एकदा झालं ते फुकट गेलं. आता मधात नाही."

निघायच्या आदल्या दिवशी तिवश्याहून तिच्या मोठ्या बहिणीचा फोन आला. "काय जावाईबापू, बहिणीले वॉकरवर ठेवून एकलेच हनिमूनले चालले काय?" मी म्हणालो, कामाला चाललो आहे. "हो, कामालेच जातेत सारे," ती म्हणाली. बॅगेत बायकोने ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि दोन जोड कपडे भरले. दोन जोड पुरतात. अकोल्यात मार्च महिन्यात सदरा पिळून दोरीवर टाकला की चहा होईपर्यंत वाळतो. टेप मी स्वतः भरला.

धुळवडीच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी रिसॉर्टवर पोचलो. जांभ्या दगडाची कुंपणभिंत, आत नारळाची झाडं, झाडांत सात-आठ खोल्या. ऑफिसात बसलेल्या मुलीने वही पुढे केली. नाव, गाव, व्यवसाय. व्यवसायाच्या रकान्यात मी खरं ते लिहिलं: शासकीय नोकरी, जमीन मोजणी.

"बुकिंग दोघांचं आहे ना, सर?"

"एक माणूस मागून येणार आहे," मी म्हणालो. किती मागून, ते मलाच माहीत नव्हतं.

खोलीच्या ओट्यावरून दगडी पाऊलवाट निघत होती. पुढे तीन रुंद पायऱ्या, बाजूला लोखंडी कठडा, आणि पायऱ्यांच्या खाली लगेच समुद्र. लगेच म्हणजे अगदी लगेच. मी बूट काढले, टेप काढला. शेवटच्या पायरीपासून पाण्याच्या कडेपर्यंत साडेचार मीटर भरलं. आमच्या घरालाही तीनच पायऱ्या आहेत, आणि त्या ती भिंतीला हात लावून चढते-उतरते. उरले साडेचार मीटर. तेवढ्या वाळूवर दोन फळ्या टाकल्या की झालं. मी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला.

"अवं, हे पाह्य. ही पायरी, आन हे पानी. मधात काहीच नाही."

तिने फोन डोळ्यांजवळ नेला. लाटांच्या आवाजात मला तिचं नीट ऐकू येत नव्हतं. मग म्हणाली, "इतकं जवळ राहते?"

"मोजलं ना मी."

"तुमी मोजलं म्हंजे झालं," ती म्हणाली.

त्या वाक्याने मला जे बरं वाटलं, ते लपवण्यात अर्थ नाही. जेवलो. तांदळाची भाकरी होती, माशाचं कालवण होतं, बरोबर घरचा ठेचा. जेवण झाल्यावर वाऱ्याला पडलो तर अशी झोप लागली, की तिच्या आजारपणानंतर तशी लागलीच नव्हती. उठलो तेव्हा पाच वाजून गेले होते. बाहेर आलो आणि समुद्र नव्हता.

म्हणजे होता, पण लांब. धरणातून कालव्याला पाणी सोडलं की काठ उघडा पडतो, तसा तो सगळा किनारा उघडा पडला होता. माणसं तिकडे दूर पाण्याजवळ चालत होती, लहान दिसत होती. भरती-ओहोटी मी शाळेत शिकलो होतो. परीक्षेत आकृती काढून मार्कही मिळवले होते. पण आकृती काढणं वेगळं आणि सकाळी जिथे हद्द धरली तिथे संध्याकाळी कोरडी वाळू बघणं वेगळं. शेत सकाळी मोजलं काय आणि संध्याकाळी मोजलं काय, तेवढंच भरतं. सगळा जन्म मी असल्याच जमिनीवर काढला.

टेप तीस मीटरचा. तो दोनदा पूर्ण टाकला तरी पाण्यापर्यंत पुरला नाही. आणि फळ्यांचा विचारच सोडावा अशी वाळू. ओट्यावरची प्लास्टिकची खुर्ची आणून मी ती वॉकरसारखी पुढे धरून चालून पाहिलं. खुर्चीचे पाय वाळूत जायचे, मी ते उपसायचो, पुन्हा जायचे. शेवटी तिच्यावर बसून वजन दिलं, तर ती एका अंगाला कलली आणि मी खाली. जवळच पुण्याचं एक कुटुंब होतं. त्यातल्या बाई धावत आल्या. "काका, लागलं का? आणि हे काय, योगाचा प्रकार आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "मोजणी आहे."

त्या मागे सरकल्या.

संध्याकाळी बायकोचाच फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. तिने तिवश्याला कळवलं होतं, शेजारी सांगितलं होतं, आणि साडीसुद्धा ठरवली होती. "साधी सुती नेतो. काठाची भिजली का जड होते." ती बोलत होती, मी हं हं करत होतो.

"काहून चुप झाले?"

"अवं, पानी गेलं."

"कुठी गेलं?"

"मांगं गेलं. लय मांगं."

मी सगळं सांगितलं. खुर्चीचंही सांगितलं. ती हसायला लागली. "म्हंजे हद्द चुकली म्हना तुमची! साऱ्या जिल्ह्याचे भांडनं मिटवले आन स्वतःची हद्द चुकली." मीही हसलो. मग तिचं हसणं थांबलं, आणि ती म्हणाली, "जाऊ द्या. तुमी नीट जेवा."

हे 'जाऊ द्या' मला ओळखीचं होतं. पडल्यापासून ती ते म्हणायला लागली होती. गच्चीवर फुलझाडं लावली होती, ती वाळली, जाऊ द्या. गल्लीतलं हळदीकुंकू, जाऊ द्या. तिवश्याच्या बहिणीच्या मुलाचं लग्न ठरत होतं, त्याच्या साखरपुड्याला, जाऊ द्या. एकेक गोष्ट ती अशी सोडून देत होती, तक्रार न करता. समुद्र ही एकच उरली होती, तीही आज मीच हातात देऊन परत घेतली होती.

रिकाम्या हाताने परत जायचं नाही, असं मी ठरवलं. पाणी हलतं, ठीक आहे. पण ते हलून परत कुठे येतं ते तर बघता येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेच्या कोपऱ्यातल्या ढिगातून बांबूच्या कामट्या आणल्या. पहिल्या दिवशीच्या पाण्याची रेघ अजून दिसत होती. शेवाळ, काड्या, शिंपले यांची ओळ. तिथे पहिली कामटी ठोकली. मग दुपारी पाणी चढून जिथे थांबलं तिथे दुसरी. तिसऱ्या दिवशी तिसरी, चौथ्या दिवशी चौथी. दर दिवशी पाणी आदल्या दिवसापेक्षा उशिरा येत होतं आणि आदल्या दिवसापेक्षा खालीच थांबत होतं. पहिली कामटी सगळ्यांत वर. म्हणजे मी आलो तोच दिवस मोठ्या पाण्याचा होता.

याच दिवसांत रिसॉर्टमध्ये माझी बडदास्त वाढली. न मागता नारळपाणी यायचं. जेवताना सुरमईचा जास्तीचा तुकडा यायचा. चौथ्या दिवशी संध्याकाळी मालक स्वतः खाजं घेऊन आले. आल्या-गुळाचं असतं, चविष्ट. टॉवेल दिवसातून दोनदा बदलले जायला लागले. तो एक खरा उपकार होता, कारण माझे दोन्ही सदरे अजून ओलेच होते. तिथल्या हवेत काहीच वाळत नाही. दमट सदरा घालून मी कामट्या ठोकत होतो. पण न मागता काही मिळालं की मला बरं वाटत नाही. आमच्या कामात अशा चहाला अर्थ असतो. मी खाज्याची बशी पुढे सरकवली आणि मालकांना म्हणालो, "तुमच्या मनात काय आहे ते सांगा, मग खातो."

मालक माझ्याच वयाचे, अंगाने भरलेले. ते खुर्चीच्या टोकावर बसले. "साहेब, मी सगळी परवानगी घेऊन बांधलंय. भिंत तेवढी जुनी आहे, वडिलांच्या वेळची. तुम्ही भरतीच्या रेषेवर खुणा मारताय. मोजणी कसली आहे, एवढं सांगा. माझं काय पाडणार आहात?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. समुद्राच्या हद्दीपासून किती अंतरावर बांधायचं याचे तिकडे नियम आहेत, आणि वहीत मी स्वतःच्या हाताने 'शासकीय, जमीन मोजणी' लिहून तीन दिवस त्यांच्या दारात खुंट्या मारत होतो. मी त्यांना सगळं सांगितलं. बायको, वॉकर, चौघांनी उचलायचं नाही ही अट, साडेचार मीटर.

त्यांनी कपाळावर हात मारला. "बायलेसाठी? अहो, मग आधी सांगूक नको? दोन दिवस माका झोप नाय!" आणि इतक्या मोठ्याने हसले की पुण्याच्या बाई ओट्यावर येऊन बघायला लागल्या. हसून झाल्यावर त्यांनी खाज्याची बशी पुन्हा माझ्याकडे सरकवली. "आता खावा. आता ह्या पावण्याचा."

मी खाल्लं.

मग ते मला कुंपणभिंतीच्या पलीकडे घेऊन गेले. तिथे होड्या वर ओढून घ्यायची जुनी उतरण होती, दगड-सिमेंटची, रुंद. होड्या आता दुसरीकडे लागत होत्या, म्हणून उतरणीवर जाळी, फुटक्या कुंड्या, उलटी पडलेली एक मोडकी होडी असा पसारा होता. वरचं टोक भिंतीतल्या फाटकातून पाऊलवाटेला लागलेलं, खालचं टोक वाळूत गेलेलं. मी तिचा चढ पाहिला आणि मला घाई झाली. गवंडी लोक समपातळी बघायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात. तशी नळी मालकांनी शोधून दिली. नळीचं एक टोक मालकांनी माझ्या पहिल्या कामटीपाशी धरलं, दुसरं मी उतरणीवर. नळीतलं पाणी उतरणीवर बरंच वर येऊन थांबलं. तिथे मी खडूने रेघ मारली.

म्हणजे मी आलो त्या दिवशी समुद्र या उतरणीवर चढलेला होता. वाळू लागतच नव्हती. ओटा, पाऊलवाट, उतरण, पाणी. पायऱ्याही नाहीत. आणि उतरण दगडी होती, हलणारी नव्हती. चार दिवसांत पहिल्यांदा मला खूण सापडली होती.

"असं पाणी कधी येतं?" मी विचारलं.

"उधाणाक. पुनव, आवस, आणि पुढचा एखाद-दुसरा दिवस. दुपारच्या जरा आधी."

होळीची पौर्णिमा झाली आणि दुसऱ्या दिवशी मी पोचलो होतो. मुलाने तारीख नुसती सुट्टी बघून धरली होती. त्याचे आभार मी मनात मानले, आणि नंतर फोनवरही मानले. तो गोंधळला.

बायकोला मात्र या वेळी मी जपून सांगितलं. "पक्कं नाही सांगत. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी पाहू."

"खून कोनती धरली?"

"दगडाची."

"मंग ठीक," ती म्हणाली.

राहिलेला दीड दिवस मी काही मोजलं नाही. नारळाखाली बसून राहिलो. पाणी यायचं, जायचं, माझ्याकडे काही काम नव्हतं. घरी बायकोला औषध देणं, वॉकरच्या मागे उभं राहणं, हे सारं या दिवसांत सुनेने अमरावतीहून येऊन सांभाळलं होतं. त्याबद्दल मी सुनेला कधी चांगले दोन शब्द बोललो नव्हतो. तिथे बसून तिला फोन केला. "बाबा, बरे आहात ना?" तिने काळजीने विचारलं.

पावसाळा गेला. त्या महिन्यांत बायको रोज संध्याकाळी घरासमोरच्या उताराच्या रस्त्यावर वॉकर घेऊन खाली-वर करायची. कोणी विचारलं तर सांगायची, "सराव करून राहिलो." शेजारणींना वाटलं डॉक्टरने सांगितलं असेल.

कोजागिरीला आम्ही तिघं पोचलो; ती, मी आणि मुलगा. मालकांनी उतरण रिकामी करून घेतली होती. शेवाळ घासून काढलं होतं, वरून खालपर्यंत काथ्याची पट्टी अंथरली होती आणि एका बाजूला धरायला पाइप बसवला होता. मी त्यातलं काहीच मागितलं नव्हतं. माझी खडूची रेघ पावसात गेली होती, पण त्यांनी तिच्या जागी रंगाने रेघ मारून ठेवली होती. मी त्यांचे हात धरले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या आत ती उतरणीवर होती. सुती साडी, हातात वॉकर. मुलगा मागे उभा. पाणी अजून रेघेच्या बरंच खाली होतं.

"आई, थोडं खाली नेऊ का? मी धरतो," तो म्हणाला.

तिने मागे वळून फक्त पाहिलं. त्याने पुढे केलेला हात मागे घेतला.

रेघ चुकली असेल तर? मार्चचं पाणी आणि ऑक्टोबरचं पाणी सारखं नसेल तर? मी घड्याळ बघत होतो. ती मात्र शांत होती. रेघेपर्यंत गेली आणि थांबली. "येऊ द्या त्याले," म्हणाली.

पाणी येत होतं, पण कसं ते दिसत नव्हतं. एक लाट यायची, परत जायची, मग पुढची चार बोटं वर. दगड एकामागून एक ओले होत गेले. मग एक लाट आली, काथ्याच्या पट्टीवरून सरकत वर चढली आणि तिच्या पावलांवरून गेली. वॉकरचे पुढचे पाय बुडाले. तिने दांडे घट्ट धरले. हलली नाही.

"माय माय!" ती म्हणाली. "कोमट हाये! मले वाटलं थंडं राहीन."

मग दुसरी लाट आली, तिसरी आली. ती मोठ्याने हसत होती आणि रडत होती, आणि दोन्हीकडे तिचं लक्ष नव्हतं. मालक वर पाऊलवाटेवर उभे होते, त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. मी तिच्या शेजारी पाण्यात उभा राहिलो. हात लावला नाही.

किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. पाणी उतरायला लागलं तरी ती हलेना. दगड एकेक करून पुन्हा उघडे पडले, पाणी तिच्या पावलांवरून ओसरलं, वॉकरच्या पायांवरून ओसरलं, तेव्हा ती वळली आणि आपल्या आपण वर आली.

ओट्यावर बसून तिने आधी पाय पुसले. मग तिवश्याला फोन लावायला सांगितला.

"झालं का वो तुह्यं समिंदर?" बहिणीने विचारलं.

"झालं. आता हे सांग, तुह्या पोराच्या लग्नाच्या हॉलले पायऱ्या किती हायेत?"

बहीण म्हणाली, "मले काय माहीत! पाठव जावाईबापूले टेप घेऊन."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. टेप माझ्या मांडीवरच होता.